पाणीवालीचा कोपरा

आर्लिसने लिंबाच्या वड्यांची ताटली थेट व्हेल्डाबाईंच्या नाकाखाली धरली.

"घ्या हो. वडी खाल्ली म्हणून कुणी मत मागत नाही."

शाळेच्या व्यायामशाळेत सगळं गाव जमलं होतं. आयोवातली रीतच अशी. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायचा, तर चिठ्ठीबिठ्ठी काही नाही; शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. माणसं कमी पडली की कोपरा मोडला! उमेदवार बीट्रिस कोलच्या कोपऱ्यात एकच माणूस कमी होतं. तिच्यासाठी हिवाळाभर दारोदार फिरलेल्या आर्लिसचा जीव टांगणीला लागला होता. कुठेच न गेलेल्या उरल्या होत्या फक्त व्हेल्डाबाई.

समोरच्या कोपऱ्यातून आर्लिसचा नवरा व्हर्लिन ओरडला, "तुमची बाई उठता-बसता नदीच्या पाण्याचंच बोलते! उद्या युद्ध पेटलं तर काय बादली घेऊन धावणार?"

सगळे खो खो हसले. आर्लिसही हसली. नवऱ्याचा असला म्हणून काय झालं, विनोद चांगला होता.

व्हेल्डाबाई वडी चघळत त्याच्याकडे वळल्या.

"व्हर्लिन, तू पोहण्याच्या तलावापायी नगराध्यक्ष झालास. दुसरं अवाक्षर काढलं नव्हतंस. मी तेव्हा तुला मत दिलं नाही. खरं सांग, बाकीचं काही येत होतं तुला?"

"काडीचंही नाही."

त्याच्या कोपऱ्यात टाळ्या पडल्या. त्याने हात वर केला.

"थांबा रे. तलाव भरायचा, तर पाइप सडलेले. ते बदलायला रस्ता खणावा लागला. रस्त्यासाठी कर वाढवला, तर अर्धं गाव अंगावर आलं. समजूत काढायला घरोघर गेलो, तर कुणाकडे म्हातारी आजारी, कुणाच्या शेताला वाट नाही..." तो कानाची पाळी चोळत थांबला. "पोरं तलावात उतरेपर्यंत सगळं गाव शिकलो की मी."

व्हेल्डाबाईंनी बोटं पुसली, पर्स उचलली आणि त्या तुरुतुरु आर्लिसच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. कोपऱ्यात एकच जल्लोष झाला. आर्लिसने म्हातारीला मिठीच मारली. आनंदाने तिचे डोळे भरून आले.

"अरे बाबा, तू नक्की कुणाच्या बाजूचा?" व्हर्लिनच्या पाठीत त्याच्याच माणसांनी धपाटा घातला.

तो जागचा हलला नाही, पण चेहरा हसून हसून लाल झाला होता.

"तुमच्याच. पण खोटं कसं बोलू? तेव्हा घरोघर शिव्या खायला माझ्याबरोबर आलेली बायको समोरच उभी आहे ना."