ओळ संपली तरी

धाकट्या लेकीचं दुसरं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. लेक नव्या घरी गेली आणि नात तिच्या सशासकट माझ्याकडे राहायला आली. सशाचं नाव मुकादम. ते मीच ठेवलं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाला, दिवसभर बसून तोंड हलवायचं आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं हे लक्षण कोणाचं, ते सांगावं लागत नाही.

नातीनंच मला अक्षरं शिकवली. तेव्हा मी अडुसष्टचा होतो. वीट लावावी तसं एकेक अक्षर लावायचो आणि ओळ संपली की हुश्श करून थांबायचो. ती ओरडायची, "आबा, टिंब येईपर्यंत थांबायचं नाही! ओळ संपली म्हणजे वाक्य संपत नाही."

पुढे एकदा मुकादमच्या लघवीत रक्त दिसलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, "ही मादी आहे. गर्भाशयात गाठ झालीय. काढावी लागेल."

"घ्या, मुकादम बाई निघाली," मी म्हणालो. नात हसली नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रक्त तपासायला मी एकटाच मुकादमला घेऊन गेलो. नात औषधांच्या दुकानात कामाला, तिला सुट्टी एकच दिवस मिळाली होती. दवाखान्यातून सूचनांचा कागद मिळाला. तिचा दुकानातून फोन आला, "आबा, कागद राहू दे, आल्यावर मी बघते."

"का? मला वाचता येत नाही?"

"येतं रे बाबा. वाच मग."

खिडकीशी बसून वाचला. तिसऱ्या ओळीच्या शेवटी होतं, 'आदल्या रात्री उपाशी ठेवू'. ठेवू म्हणजे ठेवू या, असं मी धरलं. माझ्या हर्नियाच्या वेळी मला घोटभर पाणीसुद्धा दिलं नव्हतं, तेव्हा नवल वाटलंच नाही. गवताची टोपली उचलून कपाटावर ठेवली. मुकादम दोन पायांवर उभी राहून वर हुंगत राहिली. मग माझ्या चपलेचा पट्टा कुरतडायला लागली. मी तीही काढून घेतली. "सोस गं," म्हटलं, "तुझ्याच भल्यासाठी आहे."

नात आल्यावर म्हणाली, "कागदातलं सगळं केलंस?"

"अगदी शब्दन् शब्द."

सकाळी डॉक्टरीणबाईंनी मुकादमला टेबलावर घेतलं. "पोटभर खाऊन आलीय ना? सशाला उपाशी ठेवायचं नसतं. आतडी एकदा थांबली की पुन्हा सुरू व्हायला मागत नाहीत."

नात माझ्याकडे बघत होती. परीक्षेत पहिल्या आलेल्या पोराकडे बघावं तशी.

"हो," मी म्हणालो. "पोटभर."

लिंबाएवढी गाठ निघाली. संध्याकाळी मुकादम घरी आली, दुलईवर डोळे किलकिले करून पडली. "लेंड्या पडल्या की जिंकलो," बाई म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक लेंडी पडली नाही. नात सुई नसलेल्या सिरिंजनं पातळ लापशी तिच्या तोंडात सोडत होती, ती ओठांवरून ओघळत होती.

"माझंच चुकलं, आबा," नात म्हणाली. "आधीच दाखवायला हवं होतं. रोज कुशीत घेते आणि मला गाठ कळली नाही."

ते मात्र मला ऐकवेना.

"तुझं नाही चुकलं. मी उपाशी ठेवलं तिला."

"काय?"

"आदल्या संध्याकाळपासून. आणि बाईंना खोटं सांगितलं."

तिनं सिरिंज खाली ठेवली आणि आधी फोन लावला. बोलली ते बाईंशीच. आम्ही रिक्षानं दवाखाना गाठला. सलाईन लावली, इंजेक्शनं दिली. बाई मला म्हणाल्या, "त्यानंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, आजोबा. पण काल सांगितलं असतंत तर मी ऑपरेशन पुढे ढकललं असतं."

मुकादमला तिथंच ठेवून आम्ही परतलो. नातीनं कागद माझ्यापुढे धरला.

"वाच."

"आदल्या रात्री उपाशी ठेवू," मी वाचलं.

"पुढे."

पुढे म्हणजे खाली. चौथ्या ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं होती.

"नये," मी म्हणालो. त्यापुढे टिंब होतं.

वाटलं, आता ती बोलेल, चार शब्द सुनावेल, बरं होईल. तिनं कागदाची घडी घालून माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि कपाटावरची टोपली खाली काढली.

मुकादम ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी साडेअकराला दवाखान्यातच वारली. साडेचार वर्षांची होती.