चिमणीची सीट

आमच्या बाबांनी आयुष्यभर गाड्यांच्या सीटा शिवल्या, पण वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत स्वतः गाडी कधी चालवली नाही. गाडी आईची. ती परिचारिका होती. बाळंतिणींना आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना घरी जाऊन बघणं हे तिचं काम. दिवसाला दहा-अकरा घरं व्हायची. त्यासाठी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिनं एक छोटी जपानी गाडी घेतली. कंपनीनं तिला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. लोक तिला चिमणीच म्हणत.

पहिली चिमणी म्हणजे चार चाकांवर ठेवलेला खोका. इंजिन तीन सिलिंडरचं, त्यामुळे सिग्नलला उभी राहिली की अख्खी गाडी थंडी भरल्यासारखी कुडकुडायची. पण अरुंद गल्लीत शिरायची, कुठेही वळायची आणि थोडक्या पेट्रोलवर दिवस काढायची. सीटा मात्र अगदीच रोडावलेल्या. "सगळा जीव इंजिनात ओतला आणि माणसानं बसायचंय हे विसरले," बाबा म्हणाले. त्यांनी सीटच्या पाठीला फोमचा एक उंचवटा दिला, वर जाड कापड शिवलं आणि आईच्या शेजारी बसून गावभर चक्कर मारली. उतरले ते खुशीतच. "आता बसल्यासारखं वाटतं," म्हणाले.

तो उंचवटा बाबांची ओळख झाला. चिमणी घेतली की सीटा आमच्या दुकानातून शिवून घ्यायच्या, हे तोंडातोंडी पसरलं. पुढे दुसरी चिमणी आली, गोलसर, चार सिलिंडरची. मग तिसरी आली. ती अंगानं चांगलीच भरलेली होती, आणि तिच्या सीटच्या कुशीतच एअरबॅग होती. अपघातात ती फुगून बाहेर यावी म्हणून त्या बाजूची शिवण वेळेला उसवली पाहिजे. आयुष्यभर न उसवणारी शिवण घातलेल्या माणसाला उसवणारी शिवण शिकायला चार दिवस लागले. आईनं तिन्ही चिमण्या चालवल्या, आणि तिन्हींत बाबांचा उंचवटा होता.

मग एका सकाळी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. लोकांना आता उंच, दांडगी गाडी हवी असल्यामुळे कंपनी ही गाडी बनवणं थांबवत होती. बाबांनी तेवढा तुकडा कापून दुकानाच्या भिंतीवर चिकटवला. "तीस-बत्तीस वर्षं राबली, आणि चार ओळींत गुंडाळली," ते म्हणाले.

त्याच वर्षी आईनं गाडी सोडली. एका वळणावर बाजूनं येणारा सायकलवाला तिला दिसलाच नाही. त्यानं ब्रेक दाबला म्हणून वाचला. आई रस्त्याच्या कडेला थांबली, त्याची माफी मागितली आणि तशीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसत होतं, पण दोन्ही बाजूंनी नजर आखडत चालली होती. घरी येऊन तिनं किल्ली टेबलावर ठेवली. "विकून टाका," एवढंच म्हणाली आणि हात धुवायला गेली.

मी तेव्हा पन्नास किलोमीटरवर राहायचे. रविवारी घरी गेले, तर बाबा म्हणाले, "मी शिकणार आहे."

"काय?"

"गाडी."

"बाबा, साठी बुद्धी नाठी म्हणतात."

"नाठी तर नाठी. पाय शाबूत आहेत."

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या सगळ्या उंच आणि बिनगिअरच्या होत्या. चिमणी गिअरची, म्हणून तिसऱ्या दिवशी बाबांनी तिथं जाणं सोडलं. मग आईच शिकवायला बसली. गाडी मी बाजाराच्या मोकळ्या पटांगणात नेऊन द्यायची, तिथं बाबा स्टिअरिंगवर बसायचे आणि आई शेजारी. लक्ष ठेवायला मी मागे. आई रस्त्याकडे बघतही नसे. ती कानानं शिकवायची.

"इंजिन रडतंय, ऐकू येतं का? दुसरा टाका."

"टाकला."

"तो चौथा होता."

गाडी आचका देऊन बंद पडायची. आई कधी आवाज चढवायची नाही. घाबरलेल्या माणसाशी बोलण्यात तिची उभी हयात गेली होती.

चौथ्या रविवारी बाबा गाडीतून उतरले ते पाठ धरून. आम्हाला वाटलं, वय बोलतंय. पण ते परत आत बसले. क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. पाच-सहा वेळा तेच केलं. मग म्हणाले, "अगं, ही सीट टोचते."

आई खिडकीबाहेर बघायला लागली.

"पाय लांब केला की कंबर पुढे सरकते आणि उंचवटा बरगडीखाली येतो. शेजारी बसून हे कळतच नाही. तिथं पाय लांब करायचाच नसतो." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू तर माझ्याहून वीतभर बुटकी. तुला तर जास्तच टोचत असणार."

"मी टॉवेल ठेवायचे," आई म्हणाली.

तो टॉवेल मला लहानपणापासून माहीत होता. निळा, घडी घातलेला, कायम तिच्या कमरेमागे. मला तो गाडीचाच एक भाग वाटायचा. बाबांना वाटायचं, घामासाठी आहे.

"बत्तीस वर्षं?" बाबांनी विचारलं.

"रोज नाही टोचायचं."

"सांगायचं नाही का?"

"पहिल्या दिवशी सांगणारच होते. तुम्ही इतके खूश होऊन उतरलात. म्हटलं, उद्या सांगू. उद्या अकरा घरं होती. मग लोक तुमच्याकडे यायला लागले. मग काय सांगणार, घरचंच माणूस टॉवेल लावून बसतं म्हणून?"

गाडी मी घरी आणली. जेवताना बाबांनी भाजीत मीठ नाही हेही सांगितलं नाही, म्हणजे मामला गंभीर होता. दुपारी मी दुकानात गेले तर ते सीट उसवत बसले होते. हळूहळू, एकेक टाका, जणू कापडाला दुखेल. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा," ते म्हणाले. "शेकडो सीटा शिवल्या मी. एकदाही त्या जागेवर बसून पाय लांब केला नाही."

"कुणी तक्रार केली नाही ना, बाबा."

"तुझ्या आईनं तरी कुठे केली?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायला सुरुवात केली. उंच पुरुषांना काहीच त्रास नव्हता, उलट ते कौतुकच करत. पण एक बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "मी तो फोम आठवड्यातच काढून टाकला होता, दादा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." शाळेतल्या एका शिक्षिकेनं उशी ठेवली होती. एकीनं तर पाठीच्या दुखण्यावर दोन वर्षं औषध घेतलं होतं. बाबा सगळ्यांना एकच सांगत, "गाडी घेऊन या. पैसे नकोत."

बायका येत गेल्या. चिमणी आता नवी मिळणार नव्हती, त्यामुळे जिच्याकडे होती ती तिला जपून होती. बाबा आधी बाईला सीटवर बसवायचे, क्लच दाबायला लावायचे आणि उघड्या दाराशी उकिडवे बसून पाठ नि सीट यांच्यातलं अंतर खडूनं आखायचे. हे काम पाच महिने चाललं. आई दुकानात खुर्ची टाकून बसायची आणि बाई "ठीक आहे" म्हणाली की म्हणायची, "नीट आठवून सांगा. तासभर चालवल्यावर कसं वाटतं?" तिच्यापुढे खोटं चालत नसे. तिचा त्यातला अभ्यास दांडगा होता.

मधल्या काळात बाबांनी परीक्षा दिली. पहिल्यांदा गाडी मागे घेताना खांबाला टेकवली आणि नापास झाले. परीक्षक त्यांच्या निम्म्या वयाचा. तो म्हणाला, "आजोबा, आता कशाला हा खटाटोप?" बाबा म्हणाले, "बायकोला फिरवायचंय." दुसऱ्या खेपेला पास झाले.

पहिल्यांदा दोघं माझ्याकडे आली तेव्हा पन्नास किलोमीटरला त्यांना दोन तास लागले. मी फाटकात उभी होते. बाबांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, पण चेहरा बघण्यासारखा झाला होता. आई उतरायला लागली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं.

"तुझी सीट कशी आहे? खरं सांग."

आईनं थोडा विचार केला. "मानेपाशी जरा कडक लागते," ती म्हणाली. "आणि तुम्ही वळणावर फार लवकर ब्रेक मारता."

"ब्रेकचं नंतर बघू," बाबा म्हणाले. "मानेपाशी म्हणजे नेमकं कुठं?"

आईनं मान टेकवून दाखवली. मी चहा टाकायला आत गेले. चहा उकळून झाला तरी दोघं गाडीतच होती.