बारक्याचे हिरवे चौकोन

जिन्यापर्यंत माणसं उभी होती. आतल्या छोट्या खोलीत तर मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिडक्या गच्च लावलेल्या, छताचा पंखा बंद, सगळे घामाने निथळत होते, पण हूं की चूं करायची कोणाची छाती नव्हती. सगळ्यांची नजर पलंगाकडे. पलंगावर जाड रजई, रजईवर गेम खेळायचा एक जुना लॅपटॉप, आणि त्याच्या मागच्या बाजूनं नीट खोचलेला लोकरी स्वेटर. तान्ह्या बाळाला निजवावं तसं त्या यंत्राला निजवलं होतं.

"बोल बाळा," तरंगगुरू म्हणाले. "आई आलीये. सगळी आपलीच माणसं आहेत. कंपनं जुळू देत. फ्रिक्वेन्सी मिळू दे. बोल!"

पडद्यावर गेममधलं डोंगराळ रान होतं. बघता बघता एक डोंगर मधोमध चिरला. आभाळात हिरवे चौकोन उमटले, मग जांभळ्या रेघा, मग सगळं रानच थरथरायला लागलं.

"आला गं बाई आला!" वरच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या.

आईनं दोन्ही हात पडद्याकडे पसरले. "बारक्या... माझा बारक्या..."

दाराशी उभी असलेली ताई नकळत एक पाऊल पुढे सरकली. ताई म्हणजे बारक्याची थोरली बहीण, दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना आ करायला लावून आत किडकं काय नि शाबूत काय ते बघणारी बाई, थापांना भुलणाऱ्यातली नव्हे. पण घरातलं माणूस गेलं की शिकलेलं सगळं खुंटीला टांगलं जातं. त्या क्षणी तिलाही वाटलं, असेल. का नसावा? असू दे ना बापडा.

बारक्या नावालाच बारक्या. उंची अशी की दारातून वाकून यायचा. वडील लवकर गेलेले, त्यामुळे घरात तिघंच, आणि तिघांत मिळून दंगा तेरा जणांचा. हा लॅपटॉप त्यानं कोणाकडून तरी वापरलेला घेतला होता आणि जिवापाड जपला होता. आई त्याला डबडं म्हणायची. त्या दिवशी सकाळीही तेच. "ते डबडं बंद कर, नाहीतर खिडकीतून भिरकावून देईन!" बारक्या न खाता उठला, दुचाकीला किल्ली लावली आणि गेला. चौकात एका ट्रकनं त्याला घरी परत येऊ दिलं नाही.

तेव्हापासून आईच्या तोंडी एकच प्रश्न. रागावून गेला का तो माझ्यावर?

या प्रश्नाला जगात कोणाकडे उत्तर नव्हतं, आणि जिथे उत्तर नसतं तिथे गुरू हमखास असतो. वरच्या काकूंनी त्यांना आणलं. काकू वाईट नव्हत्या हो, नुसत्या उत्साही होत्या. गुरूंनी घरभर नजर फिरवली, लॅपटॉप पाहिला आणि डोळे मिटले. "मुलगा इथेच अडकलाय. यातूनच बोलेल. पण टेबलावर नको, टेबल निर्जीव असतं. त्याच्या अंथरुणावर ठेवा. त्याची ऊब द्या. खिडक्या लावा, पंखा बंद करा, वाऱ्यानं तरंग विस्कटतात."

मग दर बैठकीला ते स्वतःच्या हातानं गेम सुरू करत. "त्याचं लाडकं विश्व उघडतोय." मग बराच वेळ ओंकार नाही, स्तोत्र नाही, नुसतं "तरंग, तरंग, तरंग". गर्दी घामाघूम झाली की चौकोन यायचे. चौकोन म्हणजे 'हो'. बारक्या सुखात आहे का? चौकोन. आईची आठवण येते का? चौकोन. फक्त आईनं तो एक प्रश्न विचारला की गुरू घाईघाईनं पुढे वाकत, "जा बाळा, दमलास, विसावा घे" म्हणत, आणि पडदा शांत व्हायचा.

"याचं उत्तर तो इथे देणार नाही माते," आज त्यांनी सांगितलं. "येत्या रविवारी हे यंत्र माझ्या केंद्रात कायमचं अर्पण करा. तिथे तो मोकळा होईल आणि मोकळा झाला की क्षमेचा शब्द देईल."

"न्या," आई लगेच म्हणाली. "आज न्या हवं तर."

माणसं पांगली. ताई पलंगावर टेकली आणि भावाच्या आठवणीनं लॅपटॉपच्या खाली हात सरकवला. चटका बसून हात झटकन मागे आला. गेम बंद होऊन वेळ झाला होता, तरी रजई तव्यासारखी तापलेली. तिनं स्वेटर काढला. मागच्या जाळीतून हवा यायला हवी होती, ती येतच नव्हती. आतला पंखा मात्र दम लागल्यासारखा घुरघुरत होता.

तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. तिथे बाटल्यांची चार प्लास्टिकची झाकणं चिकटपट्टीनं चिकटवलेली होती. आईनं ती कचरा म्हणून किती वेळा काढायला घेतली होती, आणि बारक्या किती वेळा बोंबलला होता. "हात लावू नकोस गं! लॅपटॉपचे पाय आहेत ते. खालून हवा लागते त्याला."

ताईनं डोक्याला हात लावला. गुरूंनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर त्या पायांवरून यंत्र उचललं होतं.

दुपारी आई झोपल्यावर ती आत जाऊन बसली. गेम लावून बघितला, टेबलावर आणि रजईवर, पंखा लावून आणि बंद करून. सगळं समजलं, आणि समजल्यावर आनंद वगैरे काही झाला नाही. उलट तिला रडू फुटलं. खोटं ठरलं म्हणजे तो गेलाच की. आधी एकदा गेला होता, आता पुन्हा.

तरी रविवारी ती गप्प बसली नाही. त्या यंत्रात त्याचं काय काय आहे हे तोवर तिनं पाहिलं होतं, आणि ते परक्याच्या हाती द्यायची तिची तयारी नव्हती.

रविवारी गर्दी दुप्पट. गुरू रेशमी पिशवी घेऊनच आले होते.

"गुरुजी," ताई पुढे आली, "न्यायच्या आधी एकदा मी बोलावू का त्याला? थोरली बहीण आहे मी."

"तुझी साधना नाही, मुली."

"बोलावू दे की हो," जिन्यावरून कोणीतरी म्हणालं. "सख्खी बहीण आहे."

नाही म्हणता येईना. ताईनं रजई सारखी केली, स्वेटर खोचला, गेम सुरू केला. हात जोडले आणि गंभीर आवाजात सुरुवात केली, "पटाशी, सुळा, उपदाढ, दाढ, अक्कलदाढ. पटाशी, सुळा, उपदाढ..."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. गुरूंच्या कपाळाला आठी पडली. आणि थोड्या वेळानं डोंगर चिरला. हिरवे चौकोन!

"आला!" काकू ओरडल्या, मग स्वतःच गोंधळल्या. "अगंबाई, दाढेवर आला?"

"बारक्या," ताईनं विचारलं, "काकूंच्या टीव्हीनं अख्ख्या इमारतीचे कान किटतात का रे?"

चौकोन. मागे दोघं-तिघं फिसकन हसले.

"आज गुरुवार आहे का?"

चौकोन. आता बरेच जण हसले.

ताई पडद्याजवळ वाकली. "बारक्या, तू घरी यायला निघालायस का रे?"

चौकोनच चौकोन. पडदाभर.

या वेळी कोणी हसलं नाही. आईच्या घशातून एक आवाज आला, तो ऐकून ताईला वाटलं, हे सगळं इथेच थांबवावं. पण तिनं स्वेटर काढला, लॅपटॉप उचलून त्या चार झाकणांवर ठेवला, खिडक्या सताड उघडल्या आणि पंखा लावला. बाहेरचा वारा खोलीत शिरला. लोकांनी नकळत मोकळा श्वास घेतला. हळूहळू चौकोन विरळ झाले आणि डोंगर जिथल्या तिथे उभा राहिला.

"आता विचारा गुरुजी. काय हवं ते विचारा."

"अविश्वास! अविश्वासानं तरंग विस्कटले!"

"बरं. मग काकू, तुमचा तर विश्वास आहे ना? तुम्ही ठेवा रजईवर."

काकूंनी ठेवला, स्वेटरही खोचला. माणसं थांबली. चौकोन आले.

"बघा, काकूंनाही सिद्धी आली," ताई म्हणाली, पण तिच्या आवाजात चेष्टा उरली नव्हती. "यात चित्रं काढणारी एक चिप असते. गेम लावला की तिच्यावर सगळ्यात जास्त भार येतो आणि ती तापते. तिला थंड ठेवायला खालून हवा आत जावी लागते आणि मागून गरम हवा बाहेर पडावी लागते. रजईनं खालची वाट बुजते, स्वेटरनं मागची. त्यात हे यंत्र म्हातारं, आत धूळ. नाकातोंडावर उशी दाबली तर माणूस तडफडेल, तसं हे तडफडतं. तुम्ही ज्याला संदेश म्हणता ना, ते चिपनं चुकीची काढलेली चित्रं आहेत. आणि नको तो प्रश्न आला की गुरुजींचं बोट कुठे असतं ते बघितलंत का कधी? गेम बंद करायच्या बटणावर. 'विसावा घे बाळा!'"

गुरूंनी रिकामी पिशवी बगलेत मारली. "या घरातला आत्मा आता कायमचा भटकेल," असं म्हणून ते निघाले. त्यांना कोणी अडवलं नाही आणि कोणी जाबही विचारला नाही. माणसं एकेक करून खाली मान घालून गेली. फसवणाऱ्यापेक्षा फसलेल्यालाच जास्त लाज वाटते, हे या जगाचं जुनं दुखणं आहे.

खोलीत मायलेकी उरल्या.

"झालं तुझं समाधान?" आई म्हणाली. "खोटा का होईना, होता ना गं तो तिथे. मी हाक मारली की काहीतरी हलायचं. तेही घालवलंस."

"आई, तो लॅपटॉप घेऊन जाणार होता."

"नेऊ द्यायचा होता! उत्तर तरी मिळालं असतं मला."

ताई उठली. दवाखान्यातून आणलेला मऊ ब्रश, बारीक चिमटा आणि हवा मारायचा रबरी फुगा तिनं टेबलावर मांडला. लॅपटॉप बंद केला, गार होऊ दिला, मग उलटा करून तळाचे स्क्रू काढले. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. आतल्या पंख्यामागे धुळीचा थर घोंगडीसारखा जमला होता. ताईनं तो चिमट्यानं अलगद सोडवला. त्या राखाडी थरात एक काळा कुरळा केस गुंतलेला होता.

या घरात कुरळे केस एकाचेच होते.

"आई," ती म्हणाली. "बघ."

आई वळली. तिनं तळहात पुढे केला. ताईनं केस त्यावर ठेवला, तशी आईनं मूठ मिटली आणि ती कितीतरी वेळ उघडलीच नाही.

ताईनं चिपवरची, तिची उष्णता ओढून घेणारी पण आता वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसली, विकत आणलेली नवी लावली, झाकण बसवलं आणि लॅपटॉप झाकणांच्या पायांवर ठेवून सुरू केला. पंख्याचा आवाज आता जेमतेम येत होता.

"यात त्यानं स्वतः खेळताना केलेली रेकॉर्डिंग्ज आहेत. मित्रांशी बोलत खेळायचा ना, ती. मला एकटीला ऐकायचा धीर झाला नाही. तुला झेपेल?"

आईनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. ताईनं सगळ्यात वरचं लावलं.

तेच डोंगराळ रान. आणि एकदम खोलीभर त्याचा आवाज, ठणठणीत, चिडलेला. "आले! आले परत हिरवे चौकोन! तापला लेकाचा. थांब रे, झाकणांवरून घसरलाय वाटतं." काहीतरी सरकवल्याचा आवाज. मग लांबून, स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "बारक्या, बंद कर ते डबडं!"

पलंगावर बसलेली आई स्वतःच्याच आवाजानं दचकली.

"आलो गं!" बारक्या ओरडला, आणि मग मित्राला म्हणाला, "चल रे, ठेवतो. नाही, रागावली नाहीये. तिची हाक मारायची पद्धतच तशी आहे. मी बसल्याशिवाय घास घेत नाही ती, आणि भूक लागली की ओरडते. आपणच समजून घ्यायचं."

टक्. रेकॉर्डिंग संपलं.

आई ओक्साबोक्शी रडली. तो गेल्यापासून ती अशी रडलीच नव्हती. चौकोनांची वाट बघण्यात रडायचं राहूनच गेलं होतं. ताई तिला धरून बसली. वारा आत येत होता.

बारक्या त्या सकाळी रागावला होता की नाही, हे कोणालाच कळणार नाही. ते कळतं म्हणणारा लुच्चा समजावा. पण एरवी आईच्या ओरडण्याचा तो काय अर्थ लावायचा, ते त्यानं जिवंतपणी, स्वतःच्या तोंडानं सांगून ठेवलं होतं. गेलेली माणसं नंतर बोलत नाहीत हो. जे बोलायचं ते बोलून गेलेली असतात. ते ऐकायला मध्ये कोणी गुरू लागत नाही, कान लागतात, आणि थोडा धीर. चमत्कार दिसला तर त्याला आधी हात लावून बघा. झाकलेलं उघडा, बंद केलेलं सुरू करा. खरं असेल ते उजेडानं आणि वाऱ्यानं पळून जात नाही.

काही दिवसांनी काकू दबकत दबकत आल्या. मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंचा नवरा नुकताच गेला होता. तरंगगुरू आता तिथे जात होते. नवऱ्याचा जुना टीव्ही म्हणे शाल पांघरून देवासारखा मांडलाय, आणि संध्याकाळी त्यावर पट्टे येतात.

"जायचं का वहिनी बघायला?" काकूंनी विचारलं. "म्हणजे... तुम्ही म्हणाल तसं."

आईनं पदराला हात पुसले आणि पायात चपला सरकवल्या.

"चला," ती म्हणाली. "आधी ती शाल काढू. मग तिच्याजवळ बसू आणि पोटभर रडू. तिला सध्या तेवढंच हवंय."