दोनदा दुप्पट झालेला आकडा

वेंग थिआनहोक हे ताइनानचे घड्याळजी. त्यांचे पुत्र वेंग बुनसिंग यांनी तैपेईत येऊन रेडिओ दुरुस्तीत नाव कमावले. बुनसिंगांचे पुत्र वेंग किमशुई यांनी पुलाखालच्या बाजारात संगणकाच्या सुट्या भागांचा ठेला मांडला. आणि किमशुईंची थोरली कन्या वेंग शूमिन, वय वर्षे एकोणसत्तर, त्याच बाजाराच्या आताच्या सहा मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, ग्राफिक्स कार्डांचे दुकान चालवीत होती. वेंगांच्या मालाकडे कोणी बोट दाखवले, असे चार पिढ्यांत घडले नव्हते. निदान बाजार तसे मानत होता, आणि शूमिननेही बाजाराला तसे मानू दिले होते.

त्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता तिच्या दुकानाच्या काचेच्या फळीवर दोन कागद शेजारीशेजारी पडले होते. एका रुग्णालयाला शरीराच्या आतली चित्रे वाचणाऱ्या यंत्रांसाठी चोवीस कार्डे हवी होती. कोणते कार्ड सरस, हे ठरवायला तिथल्या अभियंता येनबाई स्वतः आल्या होत्या, आणि अशी निवड बाजारातल्या जुन्या दुकानात बसून होई. एक कागद दुसऱ्या मजल्यावरच्या श्यूचा. दुसरा समोरच्या गाळ्यातल्या कुओ यूचिंगचा. यूचिंगचे दुकान उघडून आठ महिनेच झाले होते, आणि वर्ष न भरलेल्या दुकानाच्या कागदावर एखाद्या जुन्या दुकानाचा शिक्का लागतो, ही बाजाराची रीत. यूचिंगच्या कागदावर लाल शिक्का होता तो शूमिनचा.

आदल्या संध्याकाळी यूचिंग कागद घेऊन आली, तेव्हा शूमिनने आकडे तपासले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच. तिने आपण कुणाची नात ते सांगितले, आणि त्यानंतर शूमिनला तिच्याकडे मान वर करून पाहणे जड गेले. शूमिनने शिक्का उमटवला आणि कागद परत केला.

"मालकीणबाई, जरा चष्मा लावता का?" श्यू मोठ्याने म्हणाला. आजूबाजूच्या गाळ्यांतून माणसे डोकावू लागली. "आपल्या शिक्क्याखाली काय काय चालतं ते तरी बघा."

शूमिनने चष्मा लावला. पहिली ओळ गणनेच्या ताकदीची. श्यूचे कार्ड सेकंदाला साडेचोवीस लाख कोटी गणिते करणारे, यूचिंगचे जवळजवळ एकवीस लाख कोटी. दोन्ही आकडे बरोबर होते. दुसरी ओळ मेमरीच्या वेगाची, म्हणजे सेकंदाला किती माहिती कार्डाच्या मेमरीतून ये-जा करते त्याची. श्यूचा आकडा पाचशे चार गिगाबाइट. यूचिंगचा आठशे शहाण्णव.

तिचे बोट त्या आकड्यावर थांबले. पन्नास वर्षे आकडे पाहिलेल्या डोळ्यांना गुणाकार करावा लागला नाही.

"दोनशे छप्पन बिटांची वाट," श्यू बोटावर मोजू लागला. "आठाने भागा, बत्तीस. गुणिले मेमरीचा छापील वेग, चौदा. किती झाले, येनबाई? चारशे अठ्ठेचाळीस! आणि या पोरीने लिहिलेत बरोब्बर दुप्पट. माझ्या पाचशे चारपुढे चारशे अठ्ठेचाळीस फिके पडतात ना, म्हणून फुगवले."

"फुगवले नाहीत," यूचिंग म्हणाली. "मेमरीचा वेग नेहमी दुप्पट करून मांडायचा, असं आजोबांनी शिकवलंय. एका ठोक्यात ती दोनदा माहिती देते."

शूमिनला सगळे कळले. एके काळी कारखाने मेमरीचा मूळ ठोका छापत, आणि दुकानदाराला तो दुप्पट करून सांगावा लागे. आता कारखाने दुप्पट केलेलाच आकडा छापतात. ज्याचा हात त्या काळात घडला आणि नंतर बाजारापासून तुटला, तोच माणूस नातीला असे शिकवील. लबाड माणसाने याहून लहान, न दिसणारी वाढ केली असती.

"वा! आजोबांनी शिकवलं!" श्यू हसला. "तुझ्या आजोबांनी पुलाखाली काय केलं, विसरलो नाही आम्ही. मंद चिपांवरचे आकडे घासायचे आणि वर जलद चिपांचे छापायचे. तो चिपा घासत होता, तू कागद घासतेस. रक्त कुठे जाईल?"

यूचिंगची मान खाली गेली; ती मान अशी खाली घालायला तिच्या घरात सगळेच शिकले असावेत, असे शूमिनला वाटले.

येनबाईंनी पेन खाली ठेवले. "हे बघा, माझ्यापुढे खोटा कागद आला असेल तर मला तो बाजाराच्या मंडळाकडे द्यावा लागेल. पुढे यांचा परवाना राहील की जाईल, ते मंडळ बघेल. पण त्याआधी मला सांगा, हा शिक्का कुणाचा?"

शूमिनचा मुलगा पोहान तिच्या कानाशी वाकला. "आई, शिक्का मारला तेव्हा आकडा वेगळा होता म्हण. तिने मागाहून बदलला. तुझ्या शब्दापुढे कोण बोलणार आहे?"

ते खरेच होते. कोणी बोलले नसते. चाळीस वर्षांपूर्वीही कोणी बोलले नव्हते.

"पोहान, बाजूला हो." शूमिन फळीचा आधार न घेता उभी राहिली. "शिक्का माझा आहे, येनबाई. मी न तपासता मारला. मुलीने जुन्या हिशेबाने मांडलं. ती चूक आहे, लबाडी नाही. चूक पकडायला म्हणून तर जुन्या दुकानाचा शिक्का घेतात, आणि मी ती पकडली नाही. मंडळाकडे नाव द्यायचं तर माझं द्या."

"अहो, तुम्ही कशाला अंगावर घेता?" श्यू चपापला. "कुओ लोकांची सवयच आहे ही."

"श्यू, तुझं वय काय होतं रे तेव्हा? दहा? मी एकोणतीस वर्षांची होते." तिने सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा आवाज लावला. "त्या चिपा माझ्या वडिलांनी घासल्या. वेंग किमशुईंनी, स्वतःच्या हातांनी. डब्यांत भरल्या मी. गिऱ्हाइकं चालून आली तेव्हा शेजारच्या ठेल्यावरचा कुओ चिन्छ्वान पुढे झाला आणि म्हणाला, माल माझा, मीच यांना विकायला दिला. त्याला एकच पोरगा होता, आमच्या घरात पाच पोरं आणि आजारी आई. मंडळाने त्याला बाजारातून काढला. त्याच्या नावाचा कागद दारावर महिनाभर लागला होता. वडील मरताना म्हणाले, कुओंचं देणं राहिलं. मी ऐकलं आणि गप्प राहिले."

पोहानला हे आजवर कोणी सांगितले नव्हते.

"आई," तो पुटपुटला, "आजोबांचं नाव..."

"ऐकलंस ना? मग आता लपवू नकोस."

येनबाईंनी यूचिंगचा कागद पुढे ओढला, आठशे शहाण्णववर रेघ मारून वर चारशे अठ्ठेचाळीस लिहिले आणि दोन्ही कागद खालपर्यंत वाचले. "आमचं एक चित्र चौदा गिगाबाइट जागा धरतं," त्या म्हणाल्या. "श्यू, तुमच्या कार्डात मेमरी बाराच आहे. यांच्यात सोळा. वेग कितीही असो, चित्र मावलं तर पाहिजे. उद्या नऊ वाजता दोघंही कार्ड घेऊन या. मी खऱ्या चित्रांवर चालवून बघेन. कागद पुरे झाले."

श्यू आपला कागद उचलून जिन्याकडे वळला.

"आजी," यूचिंग म्हणाली, "आजोबांनी हे कधीच सांगितलं नाही. बाबांना शाळेत मुलं चोराचा पोरगा म्हणायची, तेव्हाही नाही."

"तो सांगणार नाही. आहे का अजून?"

"आहेत. नदीपलीकडे, सानचोंगला. एक्याण्णव. भाताचे कुकर अजून स्वतः दुरुस्त करतात."

शूमिनने मोठा पांढरा कागद मागवला. पोहान लिहायला बसला, तर तिने ब्रश त्याच्या हातातून काढून घेतला. वेंग किमशुई यांनी कोणत्या वर्षी कोणता माल घासून विकला, वेंग शूमिनने त्यात काय केले, आणि कुओ चिन्छ्वान यांचा त्यात काडीचाही हात नव्हता, हे तिने ठळक अक्षरांत लिहिले. खाली तोच लाल शिक्का उमटवला. मग गुडघे दुखत असताना तीन जिने उतरून तिने तो कागद मंडळाच्या फळ्यावर, मुख्य दारात, स्वतः टाचला.

"महिनाभर कोणी हात लावायचा नाही," तिने पहारेकऱ्याला बजावले.

दुपारी यूचिंग आजोबांना घेऊन आली. म्हातारा काठी टेकत फळ्यापाशी उभा राहिला आणि ओठ हलवत एकेक अक्षर वाचू लागला. शूमिन दोन पावले मागे उभी होती. वाचून झाल्यावर तो वळला.

"किमशुईची थोरली ना तू?"

"हो, काका."

"उगाच केलंस. तो बिचारा कधीच गेला."

"देणं गेलं नव्हतं."

म्हाताऱ्याने पुन्हा एकदा फळ्याकडे पाहिले, या वेळी फक्त स्वतःच्या नावाकडे. मग चाळीस वर्षांत पहिल्यांदा, काठी पुढे टाकत, तो बाजाराच्या दारातून आत गेला. वेंगांकडे कुओंचे आता काहीही बाकी नव्हते.