जेंगेने नाव घेतलं

कझाख माळावर रानटी ट्युलिप फुलले की रौशन तंबू बाहेर काढायची. नवरा गेल्यापासून तिला पाखरांचे फोटो काढायचा नाद लागला होता आणि सासरी तो कुणालाच पसंत नव्हता. पन्नाशी उलटलेल्या विधवेने नातवंडं सांभाळावीत, तळ्याकाठी पोटावर सरपटत फिरू नये, असं धाकटा दीर चारचौघांत बोलून दाखवायचा. रौशन ऐकून घ्यायची आणि वसंतात पुन्हा निघायची.

सोबत मैत्रीण तमारा असायची. गाडी तिची. पाखरांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ती तंबूपाशी चहा उकळत निवांत बसायची.

यंदा रौशनला बेझगेल्देक हवा होता. माळढोकाच्या कुळातलं, शिकारीला बंदी असलेलं, कोंबड्याएवढं पाखरू. विणीच्या दिवसांत मादीला दिसावं म्हणून नर गवतातून उंच उडी घेतो आणि त्याचे पांढरे पंख क्षणभर झळकतात. त्या क्षणासाठी ती पहाटेपासून कापडी आडोशात कुडकुडत बसली होती.

ऊन वर आलं आणि नराने उडी घेतली. रौशनने बटण दाबलं. तेवढ्यात बार झाला. पिसं उडाली, पाखरू गवतात पडलं. काय झालं ते कळायच्या आधीच लांब उभ्या एका जीपमागून तिघे जण आले. एकाने पाखराला पायाला धरून उचललं. मागे बंदूक घेऊन उभा होता तो तिचा दीर. रौशनचं बोट बटणावरून हटलं नाही, फोटो निघत राहिले.

आडोसा दिसताच दीर तिच्याकडे आला. आधी गोडीत बोलला. पाहुणे राजधानीचे आहेत, त्यांच्या हातात आपलं मोठं काम आहे, एका पाखराने काय बिघडतं, असं थोरल्या वहिनीला, आपल्या जेंगेला, समजावून झालं.

"जेंगे, तेवढे फोटो पुसून टाका. घरातली गोष्ट घरात राहू दे."

"पाखरू तुझ्या घरातलं होतं का?"

"तुम्ही आमच्या घरच्या सून आहात, हे विसरू नका."

कझाख सून सासरच्या पुरुषांचं नाव घेत नाही. लग्न होऊन आल्यापासून रौशन या दिराला 'मिर्झा' म्हणत आली होती. ती उठली, गुडघ्यांवरचं गवत झटकलं आणि पाहुण्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कैरोल्ला, मी फोटो पुसणार नाही."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. एक पाहुणा हसला. कैरोल्लाने कॅमेऱ्याकडे हात नेला. रौशनने पट्टा गळ्यात अडकवला.

"ओढून घे. या पाहुण्यांसमोर भावाच्या बायकोच्या गळ्याला हात घाल."

एव्हाना तमारा धावत आली होती, हातात उकळत्या पाण्याची किटली. ती रौशनच्या शेजारी उभी राहिली. कैरोल्ला मागे फिरला. जाता जाता त्याने तमाराच्या गाडीच्या चारही चाकांतली हवा सोडली.

पायपंप होता म्हणून निभावलं. दोघी आळीपाळीने पंप मारत होत्या आणि तमारा कैरोल्लाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

"पुसले असतेस तर आत्ता चहा पीत बसलो असतो," ती धापा टाकत म्हणाली.

"पुसू का?"

"पुसून तर बघ."

संध्याकाळी त्या थेट वनरक्षकांच्या चौकीत गेल्या. बंदुका जप्त झाल्या, दंड झाला आणि पाहुणे कैरोल्लाचा फोन घेईनासे झाले. त्याच्या मुलाचं लग्न महिन्यावर आलं होतं. सगळ्या गावाला आमंत्रण गेलं, रौशनला नाही. सासूने मात्र फोन केला. तू घराण्याची अब्रू घालवलीस, माझ्या लेकाचं नाव घेतलंस, म्हणून पुष्कळ बोलली.

"एने, नाव तुम्हीच ठेवलंत ना?" रौशन म्हणाली. "चांगलं आहे. मी पुन्हा घेईन."

लग्नाच्या दिवशी सकाळीच तिने गाडीत तंबू टाकला. त्या पोराला तिने लहानपणी न्हाऊमाखू घातलं होतं. तळ्याच्या रस्त्याला लागल्यावर तमाराने विचारलं, वाईट वाटतंय का?

"वाटतंय," रौशन म्हणाली. मग काच खाली केली. "गाडी हळू घे. डावीकडच्या गवतात काहीतरी हललं."