सेटकाकांची दुभाषी

झटका आला आणि काकांची उजवी बाजू गेली, त्या बाजूबरोबर भाषाही गेली. राहिला एकच शब्द. तोही आपला नाही, इंग्रजीतून आलेला. सेट.

आता काका होते कवळ्या करणारे. या शब्दावर तर त्यांचं अख्खं आयुष्य चाललेलं. प्लास्टर सेट व्हायचं, मेणात दात सेट व्हायचे, वरची-खालची कवळी मिळून एक सेट व्हायचा. मुलाला नोकरी लागली तेव्हा "पोरगा सेट झाला" म्हणून त्यांनी पेढ्याऐवजी गिऱ्हाइकाच्या कवळीत एक दात फुकट बसवून दिला होता. कपबश्यांचा सेट, टीव्हीचा सेट, भांडण मिटलं की "सेट, विषय संपला." गल्लीत त्यांना सेटकाका म्हणायचे ते उगाच नव्हे. म्हणून झटक्यानंतर दवाखान्यात डोळे उघडून ते "सेट" म्हणाले, तेव्हा बघायला आलेल्यांना वाटलं, म्हातारा बरा झाला!

पण मग पाणी हवं तरी सेट. उशी टोचली तरी सेट. रडू आलं तरी सेटच.

काकूंना मात्र सगळं कळायचं. निदान त्या तसं सांगायच्या. आणि काकूंचं सांगणं म्हणजे काय विचारता! एका गवयाची कवळी काकांनी इतकी सुरेल केली होती म्हणे, की पेल्यात ठेवली तरी ती गुणगुणायची. एका वकिलाची कवळी तर वकील आजारी असताना एकटीच कोर्टात जाऊन तारीख घेऊन आली. अशा बाईच्या हाती नवऱ्याचा एकुलता एक शब्द लागला, मग काय!

"काय म्हणतायत हो काका?" शेजारीण विचारायची.

"तुमच्या साडीचा रंग काही बरा नाही म्हणतायत."

"एवढं सगळं एका शब्दात?"

"मोजकं बोलतात हल्ली."

शेजारीण हसायची, काकू हसायच्या. काका हसायचे नाहीत.

दिवसातून कितीतरी वेळा ते डावा हात काकूंच्या गुडघ्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "सेट." काकू हात झटकून लाजल्यासारखं करायच्या. "म्हातारपणी चळ लागलाय बघा यांना!" साऱ्या गल्लीला ही गंमत सांगून झाली होती.

घर होतं माडीवर आणि कवळ्यांची खोली खाली. न्हाणीघरही खालीच. मधे जिना, उभाच्या उभा, जणू शिडीलाच कुणी जिना म्हणायला शिकवलेलं. रोज सकाळी काकू काकांचा डावा हात आपल्या गळ्यात घ्यायच्या आणि एकेक पायरी उतरवायच्या. तसंच वर आणायच्या.

मुलगा दर रविवारी यायचा. त्याच्याकडे तळमजल्यावर खोली रिकामी होती. खालच्या खोलीला गिऱ्हाईकही मिळालं होतं, एक तरुण कवळीवाला, सगळं सामान घ्यायला तयार.

"आई, चला ना दोघं. बाबांना विचार तरी."

काकू काकांकडे बघायच्या. काका म्हणायचे, "सेट."

"बघ. नाही म्हणतायत. मी मेलो तरी खोली सोडणार नाही म्हणतायत."

मुलगा आईला ओळखून होता, पण बाबांच्या बाबतीत आई खोटं बोलेल असं त्याला वाटत नव्हतं. काकूंनाही वाटत नव्हतं. चाळीसेक वर्षं या माणसाबरोबर काढली, त्याच्या मनातलं मला नाही कळणार तर कुणाला?

मुलानं मग बोलायला शिकवणारी एक बाई पाठवली. तरुण, चष्मेवाली, आवाज अगदी मऊ. तिनं काकांसमोर कंगवा, चमचा, किल्ली मांडली. जे मागेल ते काकांनी डाव्या हातानं उचलून दिलं. सावकाश, पण एकही चूक नाही. मग काका तिच्याकडे बघून म्हणाले, "सेट..."

"चहा हवाय," म्हणत काकू उठल्यासुद्धा. कप आणून त्यांच्या ओठाला लावला. काकांनी मान फिरवली. काकूंनी पुन्हा लावला. तेव्हा त्यांनी हातानं असा ढकलला की चहा काकूंच्या पदरावर आणि कप जमिनीवर.

"आजी," बाई कपाचे तुकडे गोळा करत म्हणाली, "यांना सगळं समजतंय. फक्त सांगायला वेळ लागतो. हात उचलतात, काहीतरी दाखवायला जातात, आणि तेवढ्यात तुमचं सांगून होतं."

"म्हणजे मी मधे बोलते?"

"तुम्ही मधे बोलत नाही हो. तुम्ही आधीच बोलता."

ती गेल्यावर काकूंनी तिला भरपूर नावं ठेवली. कालची पोर, मला शिकवते! काका ऐकत बसले होते. मग त्यांनी जिन्याकडे बोट केलं.

काकूंचं तोंड उघडलं. न्हाणीघर, म्हणणार होत्या. मिटलं.

खाली गेल्यावर काका त्यांच्या जुन्या स्टुलावर बसले आणि प्लास्टरच्या डब्याकडे हात केला. काकूंनी रबरी वाटीत प्लास्टर कालवलं, मधे पाणी जास्त पडलं, काकांनी भुवई उडवली, म्हणून आणखी थोडं प्लास्टर घातलं. काका काकूंचा हात धरून प्लास्टरवर ठेवून बसले.

काकूंना आठवलं. लग्न नवं होतं तेव्हा त्या मदतीला बसायच्या आणि घाईनं साचा उपटायच्या. एका पोस्टमास्तरांचा अर्धा जबडा असाच मोडला होता. तेव्हा काका ओरडले नव्हते. असाच हात धरून ठेवला होता. प्लास्टर सेट होताना गरम होतं. ते गरम होऊ द्यायचं, मग पुन्हा गार होऊ द्यायचं. तोवर हात लावायचा, पण उपटायचं नाही.

हाताखाली ऊब आली. वाढली. काकूंच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या, त्यांनी एकही सांगितली नाही. इतका वेळ गप्प त्या स्वतःच्या लग्नातसुद्धा बसल्या नव्हत्या.

प्लास्टर गार झाल्यावर काकांनी हात काढून काकूंच्या गुडघ्यावर ठेवला. "सेट."

काकू थांबल्या.

हात गुडघ्यावरून उठला. जिन्याकडे गेला. पुन्हा गुडघ्यावर आला, या वेळी जरा दाबला, नेमका जिथे रोज उतरताना कळ यायची तिथे. काकूंच्या तोंडून "आई गं" निघालं. काकांनी मान हलवली, हेच, हेच, म्हटल्यासारखी. मग त्यांचं बोट खिळ्यावरच्या, खोलीच्या किल्लीकडे गेलं, आणि तिथेच राहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

काकूंना कळलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं. खोली सोडायची नव्हती ती काकूंना स्वतःला. त्यांची गल्ली, त्यांच्या गोष्टी ऐकणारी माणसं, सगळं इथेच होतं. तळमजल्यावरच्या त्या खोलीत कुणाला सांगायचं गवयाच्या कवळीचं?

रविवारपर्यंत त्या नीट जेवल्या नाहीत. मुलगा आला, नेहमीसारखा बसला, नेहमीसारखा म्हणाला, "आई, विचार ना बाबांना."

सोपं होतं. नाही म्हणतायत, एवढंच म्हणायचं. काकांनी त्यांच्याकडे बघितलं. पुढे केलेल्या कपाला नकार देताना बघतात तसं नव्हे, नुसतं.

"मला कशाला मधे घालतोस?" काकू म्हणाल्या. "बाप समोर बसलाय तुझा. त्याला विचार."

"अगं, पण मला कुठे कळतं त्यांचं?"

"विचार आणि थांब. तोंड मिटून थांब. माझ्यावर गेलायस तू, जमणार नाही, पण थांब."

मुलानं विचारलं. "सेट," काका म्हणाले. मुलगा आईकडे वळला, आईनं खिडकीकडे तोंड केलं.

बराच वेळ गेला. काकांचा हात कोटाच्या खिशात शिरला, अडकला, निघाला. खिळ्यावरून काढून ठेवलेली खालच्या खोलीची किल्ली त्यांनी मुलाच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून मिटली.

"आई," मुलगा हळूच म्हणाला, "हो म्हणतायत ना?"

काकांचा हात काकूंच्या गुडघ्यावर आला. त्यांनी तो झटकला नाही. वरून आपला हात ठेवला, आणि दाबून धरला.