ओल्गाच्या वाट्याचे पूर्वज

डीएनए चाचणीचा निकाल चालत आला. कुरिअरवाल्याने फाटक उघडलं, दोघांना अंगणात सोडलं आणि सही मागितली. एक होता पोर्तुगीज शिपाई, गुडघ्यापर्यंत बूट घातलेला, आणि त्या बुटांत अजून समुद्राचं पाणी होतं. दुसरी वारली बाई, ठेंगणी, काळीभोर, डोक्यावर लाकडांची मोळी. ओल्गाने झटकन पेन पुढे केलं, पण कुरिअरवाल्याने कागद मागे घेतला. पार्सल सबिनाच्या नावाचं होतं.

ही चाचणी मुळात ओल्गाची हौस. वसईजवळच्या त्या गावात घाऱ्या डोळ्यांची ती एकटीच, आणि ते डोळे तिने चाळिशी उलटेपर्यंत दागिन्यासारखे मिरवले होते. शाळेत पोरं तिला मडम म्हणायची, तेव्हा ती रागावल्यासारखं करायची आणि घरी येऊन आरशासमोर उभी राहायची. तिच्यात फिरंगी रक्त आहे हे गावाला ठाऊक होतं; तिला आता पुरावा हवा होता. एका चाचणीवर दुसरी फुकट होती, म्हणून धाकट्या बहिणीलाही तिने नळीत थुंकायला लावलं. सबिना सावळी, बसक्या नाकाची, दिवसभर केळीच्या वाडीत राबणारी. तिच्या नळीतून निघून निघून काय निघणार, असं ओल्गाला वाटलं होतं.

"माझं पार्सल कुठे आहे?" तिने विचारलं.

"तुमच्याकडे यायला कोणी तयार झालं नाही."

"आम्ही सख्ख्या बहिणी आहोत. एका आईच्या, एका बापाच्या."

"रक्त एकच आहे," कुरिअरवाला म्हणाला. "कुणाकडे राहायचं ते त्यांचं ते ठरवतात."

सबिनाने मातीचे हात परकराला पुसून सही केली. आईने फारशी चौकशी केली नाही. घरात माणसं आली की आधी चहा, मग विचारपूस, ही तिची रीत. वडिलांची आरामखुर्ची तिने फिरंग्याला काढून दिली. वारलिणीला कुठे बसवायचं हे मात्र ओल्गाने ठरवलं. तिला मागच्या दारी मोरीजवळ बसवलं आणि कान तुटलेल्या कपात चहा दिला. मोळीचे किडे घरभर होतील, असं कारण सांगितलं. बाईने चहा फुंकून प्यायला आणि कप धुवून पालथा ठेवला.

फिरंगी सबिनाची हनुवटी धरून तासन् तास बघत बसे. तिच्या कानाच्या पाळीत त्याला त्याची आई सापडली, तिच्या हसण्यात एक बुडालेला भाऊ सापडला. मागच्या दारी वारलीण सबिनाच्या केसांत तेल घाली आणि टाचेवरचा तीळ अंगठ्याने दाबून बघे. संध्याकाळी तिघं वाडीत फिरत. केळी त्यांना वाट द्यायला बाजूला सरकत आणि ते गेले की परत जागेवर येत. ओल्गा गेली की सरकत नसत. तिला पानं चुकवत जावं लागे.

ओल्गाच्या अंगाचा तिळपापड होत होता. जन्मभर जिला आपण कोपऱ्यात ठेवलं, तिच्या दारात पूर्वजांनी रांग लावावी, हे तिला सहन होत नव्हतं. सबिना बिचारी मिळेल ते वाटून घेणारी. "बाय, तू पण येऊन बस ना," असं ती थोरल्या बहिणीला म्हणे, आणि त्यानेच ओल्गा जास्त भडके. दिलेलं तिला नको होतं. तिला स्वतःचं हवं होतं.

रोज सकाळी ती फिरंग्यासमोर जाऊन उभी राही आणि डोळे मोठे करी. तो तिच्या पलीकडचं अंगण बघे. एके दिवशी मात्र त्याने नीट पाहिलं. शेजाऱ्याच्या घरात आपली हरवलेली वस्तू दिसावी तसं पाहिलं. ओल्गाला इतका आनंद झाला की ती दुपारी जेवलीच नाही. दुसऱ्या दिवशी घारे डोळे सबिनाला होते.

ओल्गाकडे जे उरलं होतं त्याला रंग नव्हता. दिसायचं नीट, पण आरशात त्या जागी काय आहे ते सांगता येत नव्हतं. मग नाक गेलं, म्हणजे नाक होतं, पण ते आता कुणासारखं नव्हतं. भिंतीवरच्या फोटोंतल्या आत्या, काकवा, सगळ्यांशी तिचं साम्य संपलं. आई तिच्याशी अहोजाहो करू लागली. एकदा तर पाण्याचा तांब्या देत आईने तिला विचारलं, "कुठल्या गावच्या तुम्ही?"

तेव्हा ओल्गा मागच्या दारी गेली. आता तिला फिरंगी नको होता, कोणीही चाललं असतं. वारलीण मोरीजवळ बसून काटक्या सोलत होती. ओल्गा तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मी तुझी कोण?" तिने विचारलं.

बाईने तिच्याकडे बघून खरोखर विचार केला.

"तू चहा देतेस ती," बाई म्हणाली.

ओल्गा तिथेच बसून रडली. आणि रडता रडता तिला राग आला. शेवटी ही मेलेलीच माणसं ना, मग त्यांनी मेलेल्यांसारखं राहावं. नोव्हेंबर लागला होता, मृतांचा दिवस उद्यावर आला होता. त्या दिवशी त्यांच्या घरात मेलेल्यांसाठी केळीचं पान वाढत, तेही उंबऱ्याच्या बाहेर. त्यांनी खाल्लं की निरोप देऊन दार लावून घेत. ओल्गाला एकदम हलकं वाटलं. उद्या दोघांनाही पानावर बसवायचं, पोटभर वाढायचं आणि दार लावायचं.

तिने स्वतः रांधलं. मैद्याचे फुगे तळले, डुकराच्या मटणाचं इंद्याळ केलं, भात वाढला, पेल्यात दारू ओतली. उंबऱ्याबाहेर पान मांडून तिने दोघांना बोलावलं. फिरंगी टेबलाशी सबिनाच्या उजवीकडे बसला होता. वारलीण, आज पहिल्यांदाच आत आलेली, डावीकडे बसली होती. दोघांनी पानाकडे पाहिलं आणि ते जागचे हलले नाहीत.

"तुमचं पान वाढलंय," ओल्गा म्हणाली.

"आमचं नाही," फिरंगी म्हणाला. तो तिच्याशी बोलला ते एवढंच.

आता पंचाईत झाली. बाहेरच्या पानाला हात लागल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही, ही रीत. टेबलावर भाताच्या वाफा निघत होत्या. आई मान खाली घालून बसली, सबिना बोटं मोडत बसली. सगळे भुकेले. ओल्गाही सकाळपासून उपाशी होती. इंद्याळाचा वास तिला उभं राहू देईना, आणि यांच्या रीतीभातींचा तिला मनस्वी कंटाळा आला होता. साधा भात तर आहे, असं म्हणून ती उंबरा ओलांडून पानावर बसली आणि तिने पहिला घास घेतला.

आत खुर्च्या सरकल्या. सगळे जेवू लागले.

"आलं गो कोणीतरी," आई म्हणाली, आणि तिने पदराने डोळे टिपले. मग तिने मेणबत्ती आणून ओल्गाच्या पानापुढे लावली. इतक्या जवळून ती ओल्गाकडे कित्येक दिवसांत वाकली नव्हती. ओल्गाने तिचा हात धरला. आईने मेणबत्तीची वात नीट केली आणि हात सोडवून न घेताच आत गेली.

सबिना जेवणावरून उठून दाराशी आली. घारे डोळे तिला शोभत होते, ओल्गाला कधी शोभले नव्हते इतके. ती दोन्ही हातांनी दार धरून थोडा वेळ उभी राहिली.

"पोटभर जेवा," ती म्हणाली, "आणि आमच्या बायला कुठे पाहिलंत तर घरी पाठवा."

मग तिने दार लावून घेतलं. ओल्गाच्या हातातला घास अजून गरम होता.